जुलैत मिसिसिपीवरचे क्रॅपी आणि सनफिश जातात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मिनेसोटातल्या रॉचेस्टरहून विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसला येऊन मे महिन्यात मिसिसिपीतल्या गूज आयलंडच्या आतल्या उथळ बॅकवॉटरमध्ये काठावरून चांगले क्रॅपी (गोड्या पाण्यातला एक चपटा मासा) मिळाले. जुलैत त्याच जागी डकवीड (पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती) आणि बोटाएवढे ब्लूगिल (सनफिशचीच एक जात), बाकी शून्य. बोट नाही, सोबत ९ वर्षांची मुलगी आहे. मोठे मासे गेले कुठे, आणि काठावरून ते मिळतील का?

मिळतील, पण मे महिन्याची जागा डोक्यातून काढावी लागेल.

मे महिन्यात क्रॅपी तुमच्या पायाशी आले ते विणीसाठी. पाणी साधारण ६० ते ६५ फॅरनहाइटला पोचलं की ते उथळ, निवांत जागा धरतात. वीण उरकली की त्यांना तिथे थांबायचं कारण उरत नाही. जुलैत तेच पाणी कोमट होतं, आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. वरून डकवीडचा गालिचा पसरतो, खाली ऊन पोचत नाही. रात्रभर सगळ्या वनस्पती प्राणवायू घेतच राहतात, त्यामुळे पहाटे बंदिस्त स्लूमध्ये, म्हणजे साचलेल्या पाणथळीत, तो सगळ्यात कमी असतो. म्हणजे ज्या पहाटेसाठी आपण गजर लावून उठतो, नेमकी तीच वेळ साचलेल्या पाण्यात सगळ्यात वाईट. मोठे मासे तिथून निघून गेलेले असतात.

गेले कुठे? जिथे पाणी हलतं तिथे. पण हे दोन्ही मासे अंगाने चपटे आणि उभट. जोराच्या धारेत टिकून राहायला त्यांना फार ताकद घालवावी लागते, म्हणून मुख्य पात्रातही ते जात नाहीत. लोकलच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसासारखं आहे हे: वारा हवा, पण बाहेर फेकलं जायला नको. धार आणि संथ पाणी यांच्या शिवेवर ते सापडतात. उन्हाळ्यात मोठ्या नदीवर मी फक्त ही शीव शोधतो, रॉड-आमिषाचा विचार नंतर.

शोधायला उपकरण लागत नाही, डकवीडकडेच बघा. एका जागी थिजलेलं असेल तर पुढे चला. रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू सरकत असेल तर सामान तिथेच ठेवा. बॉबर (दोऱ्यावरचा तरंगणारा गोळा) टाकल्या टाकल्या पळायला लागला तर ओढ जास्त आहे, थोडं खाली एखाद्या आडोशामागे जा.

आता नदीची रचना, कारण तिच्यावरून अर्धी मेहनत वाचते. १९३० साली ९ फूट खोलीचा जलमार्ग मंजूर झाला आणि त्यासाठी या पट्ट्यात एकामागोमाग धरणं उभी राहिली. दोन धरणांमधल्या टप्प्याला इथे पूल (इंग्रजी pool, ओलांडायचा पूल नव्हे) म्हणतात आणि त्याला खालच्या धरणाचा नंबर मिळतो. तुम्ही येता तो पूल ८: वर ड्रेसबॅकजवळचं धरण ७, खाली जिनोआचं धरण ८. अशा प्रत्येक टप्प्याचा वरचा भाग खऱ्या नदीसारखा असतो, बेटं आणि फाटे असलेला. खालचा भाग सरोवरासारखा पसरट आणि वाऱ्याचा. उन्हाळ्यात काठावरच्या माणसाने वरचा आणि मधला भाग धरावा. गूज आयलंड वाईट नाही, तुम्ही फक्त त्याच्या चुकीच्या बाजूला बसताय. आतलं तळं सोडा आणि फाट्याला लागून असलेला काठ पकडा. दोन पाणथळींना जोडणारी अरुंद तोंडं, रस्त्याखालच्या मोऱ्या, जिथून म्हणून पाणी आत-बाहेर करतं त्या जागा बघा.

क्रॅपीसाठी मात्र नुसती ओढ पुरत नाही, लाकूड लागतं. बेटांच्या काठावरचे सिल्व्हर मेपल नदी मुळाशी पोखरते आणि ते आडवे होतात: मुळं काठावर, शेंडा ८-१० फूट पाण्यात. क्रॅपी त्या शेंड्यात असतात, बुंध्याशी क्वचित. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पडलेलं झाड निवडा, तिथे खोली मिळते. बारीक फांद्या शाबूत असलेलं नुकतं पडलेलं झाड जुन्या उघड्या खोडापेक्षा कितीतरी सरस. एका झाडावर वीसेक मिनिटं द्या. क्रॅपी थव्याने राहतात. असले तर तेवढ्यात कळतं, नसले तर तासभर बसूनही उगवत नाहीत.

आणि आमिष तळाला नेऊ नका. क्रॅपीचे डोळे वरचं टिपायला बनलेले आहेत, खाली पडलेल्या गोष्टीकडे तो सहसा वळत नाही. पाणी ८ फूट असेल तर ४ फुटांपासून सुरुवात करा आणि अर्ध्या अर्ध्या फुटाने खाली जा. म्हणूनच स्लिप बॉबर घ्या. दोऱ्यावरची गाठ सरकवली की खोली बदलते, आणि मुलीलाही ते सहज जमेल. ४ किंवा ६ पौंडी दोरा, १/३२ किंवा १/१६ औंसाची जिग (शिशाचं डोकं असलेला गळ), त्यावर छोटा मिनो (आमिषाचा बारीक मासा) किंवा नुसतं प्लास्टिकचं आमिष. क्रॅपीचं तोंड कागदासारखं फाटतं, त्यामुळे झटका द्यायचा नाही. दोरा ताणून घेतला की पुरे.

ब्लूगिलचं गणित वेगळं, आणि मुलगी सोबत असेल तर मी दिवसाची सुरुवात त्यांच्यापासूनच करेन. भर दुपारीही ते खातात. तुम्हाला बोटाएवढे मिळाले कारण पिल्लं मोठ्या माशांपासून जपत गवताच्या कडेला राहतात. मोठे त्या कडेपासून जरा बाहेर, जास्त पाण्यात असतात. काठावरून त्यांना गाठायचं तर दगड शोधा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथे काठापासून पात्रात आडवे दगडी बांध घातले गेले, विंग डॅम. धरणांमुळे पाणी चढलं आणि ते बुडाले. वर दिसते ती फक्त खळबळणाऱ्या पाण्याची एक रेघ. ही रेघ जिथे काठाला टेकते, तिथल्या खालच्या अंगाच्या संथ खिशात ब्लूगिल सापडतात. ८ नंबरचा लांब दांडीचा गळ, अर्धं गांडूळ, एक बारीक शिसं. लांब दांडी अशासाठी की ब्लूगिलचं तोंड लहान आणि तो गळ पार आत ओढतो. मुलीला एवढं शिकवा: हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवून पाठीचे काटे दाबायचे आणि मगच मासा धरायचा.

जूनअखेर आणि जुलैत मेफ्लायचे, म्हणजे पाण्यातून निघणाऱ्या पंखवाल्या माश्यांचे, थवे उठतात. २० जुलै २०१४ ला ला क्रॉसच्या हवामान खात्याच्या रडारवर असा एक थवा पावसासारखा दिसला होता. त्या दिवसांत गांडुळाला कोणी विचारत नाही अशी तक्रार ऐकू येते. तेव्हा पाण्यावर झुकलेल्या विलोच्या झाडाखाली जा. फांद्यांवर बसलेल्या माश्या टपटप खाली पडत असतात आणि ब्लूगिल वर येऊन टिपत असतात. एखादी छोटी तरंगती फ्लाय (माशीसारखं नकली आमिष) बॉबरच्या मागे बांधून सोडली तरी काम होतं.

निघण्यापूर्वी ला क्रॉसचं गेज, म्हणजे नदीच्या पातळीचा आकडा, बघायची सवय लावा. आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. पाणी चढत असेल तर मासे बुडालेल्या झुडपांत शिरतात आणि विखुरतात. उतरायला लागलं की फाट्यांच्या तोंडाशी आणि खोल कडेला परत येतात. बरेच दिवस स्थिर असेल तर डोळे झाकून या. आयोवा-मिनेसोटात धो धो पाऊस होऊन गेज भराभर चढत असेल तर मी घरी बसतो.

मासे घरी नेण्याबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तरी ऐका. तांबूस छातीचे सगळ्यात मोठे ब्लूगिल हे बहुतेक घरटं राखणारे नर असतात आणि त्यांची वीण उन्हाळ्यात बराच काळ चालते. तेच उचलत राहिलं की लहान नर लवकर वयात येतात, त्यांची वाढ खुंटते आणि काही वर्षांनी सगळीकडे तळहाताएवढेच उरतात. मोठे सोडा, ७ इंचाच्या आसपासचे ठेवा. क्रॅपी उन्हात लगेच मऊ पडतो, त्यामुळे दोरीला ओवून पाण्यात ठेवण्यापेक्षा सरळ बर्फात घाला. घरी खवले काढून, चिरा देऊन, मीठ-हळद-आगळ-तिखट लावून रव्यात घोळवा. ब्लूगिल अख्खा तळला तर कालुंदराची आठवण येते, जरा गोडसर.

लायसन्स मिनेसोटाचं असलं तरी दोन्ही काठांवरच्या रेल्वेरुळांच्या मधल्या, दोन राज्यांच्या सीमेच्या पाण्यात ते चालतं. मुलगी १६ च्या आतली, तिला लागत नाही. किती मासे ठेवायचे त्याचा तक्ता मात्र सीमेच्या पाण्याचा बघा, आतल्या तळ्यांचा नव्हे. रूळ ओलांडून दगडांवर उतरायचा मोह होईल, जागाही उत्तम दिसते. पण ती रेल्वेची हद्द आहे आणि गाड्या वेगात असतात.

मुलीला लाइफ जॅकेट काठावरही घाला. १५ बार्जचा (मालवाहू तराफ्यांचा) ताफा मुख्य पात्रातून जातो तेव्हा फाट्यातलं पाणी आधी ओढलं जातं आणि मग एकदम परत येतं. पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या लहान मुलाचा पाय सुटायला तेवढं पुरतं. निघताना मिनोच्या बादलीतलं पाणी काठावर जमिनीवर ओता, गाडीतून नेऊ नका. उरलेली गांडुळं झाडीत सोडायची नाहीत, कचऱ्याच्या डब्यात टाका.