रानटी जातीच्या मदतीने केलेलं भुईमुगाचं वाण जीएम (प्रयोगशाळेत जनुक बदललेलं) असतं का?

नाही. तांबेरा (पानांवर येणारा बुरशीचा रोग) सोसणारं वाण 'रानटी भुईमुगापासून मार्कर वापरून' काढलं म्हणतात, तर ते बीटी कपाशीच्याच जातीचं का, अशी तुमची शंका. पण हा साधा संकर आहे. मार्कर म्हणजे डीएनएवरची ओळखखूण, ती पिकात काही घालत नाही.

आम्ही नाशिकवाले द्राक्षात डॉगरिजचा खुंट (कलमाचा खालचा, मुळांचा भाग) लावतो, तोही अमेरिकेतला रानटीच. तिथे कलमावर भागतं. भुईमुगात गुण बियाण्यातच उतरवावा लागतो आणि गोची तिथेच होते. आपल्या भुईमुगाला 40 गुणसूत्रं, त्याच्या बहुतेक रानटी भाऊबंदांना 20. थेट संकर केला तर रोप बहुधा वांझ निघतं, मग गुणसूत्रं दुप्पट करण्यासारख्या खटपटी आल्या. त्यातून बी धरलं तरी नको ते गुणही सोबत येतात. रानटी शेंग बघितलीत तर हसाल: दाणे बारीक आणि दोन दाण्यांच्या मधे दोऱ्यासारखा देठ!

म्हणून चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करत जायचं. पूर्वी प्रत्येक पिढीत रोग पडायची वाट बघावी लागे. आता रोप लहान असतानाच पानाच्या तुकड्यावरून, मार्कर बघून, डीएनएचा हवा तो भाग आला की नाही ते कळतं. बोलिव्हियातल्या अरॅकिस कार्डेनासी या रानटी जातीचा अंश धारवाडच्या जीपीबीडी 4 वाणात आहे. त्यातला तांबेरा रोखणारा भाग इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मार्करच्या आधाराने टीएजी 24 आणि आपल्या जळगावच्या जेएल 24 या वाणांमध्ये उतरवला. 2014 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं.

याची किंमत मला सिन्नरच्या रानात कळते. ऑगस्टच्या झडीनंतर टिक्का (पानांवरच्या ठिपक्यांचा रोग) आणि तांबेरा एकदम आले की पाला गळतो, आऱ्या (मातीत शिरून शेंग धरणारे देठ) कमजोर होतात आणि उपटताना निम्म्या शेंगा मातीतच राहतात. जनावरांचा चारा गेला तो वेगळाच.

मात्र 'सोसणारं' वाण म्हणजे रोगच येणार नाही असं नव्हे, तो उशिरा आणि कमी येतो. दुकानदार "एकही फवारणी नको" म्हणाला तर पिशवीवरचं वाणाचं नाव वाचा आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत ते आपल्या भागासाठी आहे का, ते आधी बघा.