गोल्डफिशला लवंग तेलाने भूल देता येते का?

ओरांडाच्या (गोल्डफिशची एक जात) अंगातला अँकर वर्म (माशाच्या अंगात रुतून बसणारा परजीवी किडा) चिमट्याने काढायचाय, मासा हातात थांबत नाही, म्हणून लवंग तेल किंवा घरातलं निलगिरी तेल वापरू का, असं तुम्ही विचारलंय. लवंग तेल चालतं. निलगिरी अजिबात नको. लवंग तेलात मुख्यतः युजेनॉल असतं आणि माशांना भूल देतं ते तेच. तुळशीच्या तेलातही युजेनॉल असतं, ब्राझीलमध्ये लिपिया आल्बा या झुडपाच्या तेलावर बरंच काम झालंय, पण बाटलीगणिक प्रमाण बदलणारी तेलं आपल्या माशावर कशाला?

मी नेरुळला राहते, गोल्डफिशच पाळते. आधी दुसऱ्या टबात टँकचंच पाणी घेऊन एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू करून ठेवा. नळाचं क्लोरीनचं पाणी थेट वापरू नका. हा शुद्धीवर आणायचा टब तयार नसेल तर भुलीला हात घालू नका. आदल्या दिवशी खाणं बंद.

तेल पाण्यात विरघळत नाही, थेंब तसाच टाकला तर तळाशी गोळा होऊन बसतो. केमिस्टकडून बिनसुईची सिरिंज आणा. 1 मिली शुद्ध तेल 100 मिली कोमट पाण्यात घालून, बाटलीचं झाकण लावून, दुधासारखं पांढरं होईपर्यंत जोरात हलवा. भुलीच्या वेगळ्या टबातल्या 5 लिटर पाण्याला यातलं 20 मिली, म्हणजे लिटरमागे साधारण 40 मिलिग्रॅम. तेही आधी अर्धंच घाला आणि थांबा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे टँकचं पाणी तापलेलं असतं, तेव्हा भूल लवकर चढते आणि पाण्यात ऑक्सिजनही कमी असतो.

नजर कल्ल्यांवरच हवी. मासा आधी डोलतो, मग कलंडतो. शेपटी हलक्या हाताने दाबली तरी हलला नाही, पण कल्ल्यांची झाकणं संथपणे उघडमीट करताहेत, हीच वेळ. ओल्या फडक्यावर घ्या, किडा मुळाशी धरून सावकाश ओढा, तुटून आत राहू देऊ नका. जखमेवर पोव्हिडोन आयोडीनचा बोळा टेकवा, कल्ल्यांना लागू देऊ नका. झाकणं थांबली तर काम अर्धवट सोडून लगेच स्वच्छ पाण्यात न्या आणि तोंडाकडून कल्ल्यांकडे पाणी वाहतं ठेवा. लिटरमागे 400 मिलिग्रॅमला मासा मरतोच, त्यामुळे अंदाजाने थेंब वाढवू नका.

अँकर वर्मची पिल्लं टँकच्या पाण्यात असतात, ती चिमट्याने जात नाहीत. टँकवरही औषध करावं लागेल.