नागपूरच्या घुबडाला जावाचे नाव का?

प्रश्न : महालातील आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहते. घरातल्या जुन्या पक्षी-पुस्तकात त्याचे शास्त्रीय नाव ‘टायटो अल्बा’ असे छापले आहे, तर ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ‘टायटो जावानिका’ असे दिसते. पक्षी तोच असताना नाव का बदलले, आणि नागपूरच्या पक्ष्याला जावा बेटाचे नाव कसे मिळाले?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या पुस्तकातले नाव त्या काळाच्या मानाने चुकीचे नव्हते. युरोप, अमेरिका, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया येथील सर्व गव्हाणी घुबडे तेव्हा एकाच जातीत धरली जात. पुढे डीएनएच्या अभ्यासातून त्यांच्यात तीन वेगळ्या शाखा दिसल्या : युरोप-आफ्रिकेकडची, अमेरिकेतली आणि दक्षिण आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली. काही जागतिक याद्यांनी हे विभाजन आधीच मान्य केले होते. ई-बर्डने ते २०२४ मध्ये स्वीकारले.

एका जातीच्या तीन जाती झाल्या की जुने नाव कोणाकडे राहायचे, हे मतावर सोडलेले नसते. ते नाव ज्या भागातल्या पक्ष्यावरून प्रथम दिले गेले, तिथल्या शाखेकडेच राहते. स्कोपोली यांनी १७६९ मध्ये ‘स्ट्रिक्स अल्बा’ हे नाव इटलीकडच्या पक्ष्याला दिले होते, म्हणून ‘अल्बा’ पश्चिमेकडच्या जातीकडे गेले. आपल्याकडच्या शाखेसाठी मग तिच्यातल्या कोणत्याही पक्ष्याला पूर्वी दिलेले सर्वांत जुने ग्राह्य नाव शोधावे लागले, आणि ते निघाले ग्मेलिन यांनी १७८८ मध्ये जावातल्या पक्ष्याला दिलेले ‘जावानिका’. हा अग्रक्रमाचा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे नाव कोणाच्या आवडीवर किंवा देशाभिमानावर ठरत नाही. आपला पक्षी जावाहून आला, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

भारतीय पक्ष्याची स्वतंत्र ओळख उपजातीच्या नावात टिकून आहे. हार्टर्ट यांनी १९२९ मध्ये तिला ‘स्टर्टेन्स’ म्हटले, त्यामुळे आपल्या माळ्यावरच्या जोडीचे पूर्ण नाव ‘टायटो जावानिका स्टर्टेन्स’ असे होते. इथे एक बारकावा पाहण्याजोगा आहे. जातीच्या नावापुढे ग्मेलिन यांचे नाव व वर्ष कंसात लिहितात, उपजातीपुढे हार्टर्ट यांचे मात्र कंसाविना. ग्मेलिन यांनी पक्षी ‘स्ट्रिक्स’ वंशात (जवळच्या जातींच्या गटात; नावातला पहिला शब्द त्याचाच) ठेवला होता आणि नंतर तो ‘टायटो’ वंशात हलवला गेला, हे तो कंस सांगतो. हार्टर्ट यांनी तो मुळातच ‘टायटो’ वंशात वर्णिला होता.

कुलाच्या, म्हणजे वंशाहून मोठ्या गटाच्या पातळीवर या विभाजनाने काहीच बदललेले नाही. हृदयाच्या आकाराचा पांढुरका चेहरा आणि मधल्या बोटाच्या नखाची फणीसारखी दातेरी कड ही गव्हाणी घुबडाच्या कुलाची लक्षणे आहेत. आपल्याकडे सर्रास दिसणारा पिंगळा दुसऱ्या कुलातला आहे.

जुन्या वहीत ‘टायटो अल्बा’ अशा नोंदी असतील तर त्या खोडू नयेत. शेजारी नवे नाव आणि ते कोणत्या यादीतून, कोणत्या वर्षी घेतले, एवढे लिहून ठेवावे.