प्लाझ्मा स्पार्क प्लग लावला की मायलेज वाढतं का?

पेट्रोल गाडीला प्लाझ्मा स्पार्क प्लग लावल्याने मायलेज खरंच वाढतं का, असं तुम्ही विचारलंय. नुसता प्लग बदलून नाही वाढत. धड ट्यून केलेल्या इंजिनात 95 टक्क्यांहून जास्त इंधन आधीच जळतं, उरलेल्या चिमूटभरातून कुठलाही प्लग काय काढणार? आणि साध्या प्लगची ठिणगीसुद्धा प्लाझ्माच असते, त्यामुळे त्या शब्दावर पैसे घालू नका.

खरा मुद्दा ऊर्जा कशी टाकता हा आहे, आणि त्यावरून मी दोन वर्षं भांडलोय.

आमच्या प्रयोगशाळेत क्वार्ट्झच्या खिडक्यांचं एक ज्वलनपात्र होतं. त्यात हवा आणि जेमतेम साडेपाच टक्के मिथेन, म्हणजे पेटलं तर पेटलं असं मिश्रण. कॉइलची, म्हणजे प्लगला जास्त दाबाची वीज देणाऱ्या गुंडाळीची, ठिणगी टाकली की हाय-स्पीड कॅमेऱ्यात मोहरीएवढा गोळा दिसायचा. इलेक्ट्रोडला चिकटूनच तो थोडा फुगायचा, मग कडेने पातळ होत विझून जायचा. त्याची उष्णता धातू ओढून घेत होता. आमचे सर म्हणायचे, "ज्यूल म्हणजे ज्यूल. मोठी कॉइल लावा." लावली. गोळा जरा उशिरा विझायला लागला, एवढंच.

कॉइलची ठिणगी मिलिसेकंदभर रेंगाळते आणि त्यातली बरीच ऊर्जा इलेक्ट्रोड तापवण्यात जाते. मला 10 नॅनोसेकंदांचे पल्स, म्हणजे विजेचे क्षणिक झटके, हवे होते. तेवढ्या वेळात विजेचं तीव्र क्षेत्र इलेक्ट्रॉनांना पळवतं, ते नायट्रोजनला उत्तेजित करतात आणि तो नायट्रोजन ऑक्सिजनच्या रेणूवर आदळून त्याचे दोन अणू सुटे करतो. सुटा ऑक्सिजन मिळाला की ज्वलनाची साखळी लगेच धरते.

शेवटी असे झटके देणारा पल्सर उधारीवर आणला. पहिले तीन आठवडे त्याच्या विद्युत-गोंगाटाने प्रेशर सेन्सरचा सिग्नलच वाचता येईना. केबलवर तांब्याची जाळी चढवून सगळ्याचं अर्थिंग नव्याने केलं. मग 50 मायक्रोसेकंदांच्या अंतराने दहा पल्स सोडले. एकेक छोटा गोळा पुढच्यात मिसळत गेला, इलेक्ट्रोडपासून सुटला आणि पात्रभर पसरला. एकूण ऊर्जा मोजली तर कॉइलच्या एक तृतीयांश भरली. ती फिल्म सरांनी दोनदा पाहिली आणि न बोलता निघून गेले.

तेव्हा प्लग विकणाऱ्याला किती मिलिज्यूल ते विचारू नका. ती ऊर्जा किती वेळात पडते आणि त्यातली वायूत किती पोचते, ते विचारा. "ज्यूल म्हणजे ज्यूल" म्हणणाऱ्याने एकदा तरी व्होल्टेज आणि करंट एकत्र मोजून पाहावेत.

अशा ठिणगीचा मायलेजला फायदा होतो तो मिश्रण विरळ, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, ठेवून इंजिन चालवता आलं तर, कारण थ्रॉटलवरचा, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेतून ती ओढून घेण्यातला, तोटा कमी होतो. पण एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा साधा थ्री-वे कॅटॅलिस्ट वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल या प्रमाणाच्या आसपासच नायट्रोजन ऑक्साइड साफ करतो. विरळ मिश्रणात ती सोय जाते, म्हणून अख्खी एक्झॉस्ट यंत्रणा बदलावी लागते. प्लग बदलून भागत नाही ते यामुळेच.

आणि हो, सिलिंडरमध्ये वायू जोरात घुसळत असेल तिथे लांब टिकणारी ठिणगीही उपयोगी पडते, कारण प्रवाह तिला ताणून इलेक्ट्रोडपासून दूर नेतो. तेवढ्यापुरतं सरांचं मोठी कॉइल लावणं चुकीचं नाही. पण आमच्या पात्रातला वायू जवळजवळ स्थिर होता.