पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडचा ‘डमी’ हा अल्बम दोनदा ऐकला, सगळी गाणी सारखीच वाटली. लोक त्याला एवढं डोक्यावर का घेतात?

माझंही पहिल्यांदा हेच झालं होतं. घर आवरताना मागे लावून ठेवला होता आणि चौथ्या गाण्यानंतर काय चाललंय याकडे लक्षच राहिलं नाही. संथ ठेका, उदास सूर, त्यावर रडवेला आवाज; संपला तेव्हा कळलंही नाही. त्यामुळे ‘तुम्हाला संगीतातलं कळत नाही’ असं म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा. लय जवळजवळ सगळीकडे संथच आहे, ही तक्रार खरी आहे.

हा अल्बम आवडणारे आणि न आवडणारे यांच्यात मला दिसलेला मोठा फरक आवडीनिवडीचा नाही, आवाजाच्या पातळीचा आहे. हळू लावला की तो गुळगुळीत होतो. त्याला ‘कॅफेत मागे वाजणारं संगीत’ म्हणतात ते यामुळेच, शिवाय नंतर त्याची नक्कल करणाऱ्या कित्येकांनी खरोखरच तसलं संगीत केलं. हेडफोन लावून जरा मोठ्याने ऐकलं की कळतं, यात गुळगुळीत काहीच नाही. सगळीकडे खरखर आहे आणि ती मुद्दाम आणलेली आहे. बँडचा जेफ बॅरो आणि गिटारवाला एड्रियन अटली स्टुडिओत स्वतः वाजवायचे, ते व्हायनलच्या तबकडीवर उतरवून घ्यायचे, मग ती तबकडी चक्क पायाखाली घासून खराब करायचे आणि तिच्यावरून पुन्हा सॅम्पल, म्हणजे नव्या गाण्यात वापरायचा तुकडा, उचलायचे. म्हणजे जुन्या रेकॉर्डवरून घेतलेला वाटणारा तुकडा कधीकधी त्यांनी स्वतःच वाजवलेला असतो!

अर्थात खरी उचलही आहेच. ‘सोअर टाइम्स’मधली ती हेरपटातली वाटणारी धून चित्रपट-मालिकांचा संगीतकार लालो शिफ्रिनची, ‘ग्लोरी बॉक्स’चा पाया सोल गायक आयझॅक हेजचा. ‘मग यांचं स्वतःचं काय?’ असं विचारणारेही भेटतात. त्यांच्यासाठी गंमत अशी, की हेजचा तोच तुकडा पोर्टिसहेडसारख्याच ब्रिस्टल शहरातल्या रॅपर ट्रिकीने ‘हेल इज राउंड द कॉर्नर’मध्ये वापरलाय. दोन्ही पाठोपाठ ऐका. ट्रिकी कानाशी पुटपुटतो; इकडे पोर्टिसहेडची गायिका बेथ गिबन्स आर्जव करता करता शेवटी थकते, मधे गिटार अंगावर येते. तुकडा एकच, गाणी मात्र दोन निराळ्या माणसांची. ट्रिकीचा अल्बम ‘मॅक्सिनक्वे’ आणि हा ‘डमी’ ब्रिटनमधल्या अल्बमसाठीच्या १९९५च्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत समोरासमोर होते. पुरस्कार ‘डमी’ला मिळाला. (मला विचाराल तर ‘मॅक्सिनक्वे’ जास्त धाडसी आहे, पण ‘डमी’ जास्त वेळा ऐकला जातो. माझ्याकडून तरी.)

बेथच्या आवाजावरही लोक भांडतात. काहींना तो नाटकी वाटतो. ‘मिस्टेरॉन्स’मध्ये मलाही थोडा वाटतो. पण ‘रोड्स’मध्ये नाही. सुरुवातीला नुसता थरथरणारा कीबोर्ड, कुणी पाण्याखालून वाजवत असल्यासारखा. मग ड्रम येतात, आणि ती गाते तेव्हा शब्द ओठांवरून निघायलाच तयार नसतात असं वाटतं. पुढे व्हायोलिनं येतात, पण आवाज चढवून त्यांच्यावर मात करायचा मोह ती टाळते. आपणच पुढे झुकून ऐकायचं.

‘सगळं सारखं’ या तक्रारीवर माझं उत्तर म्हणजे ‘स्ट्रेंजर्स’. एका मऊ, जॅझच्या वळणाच्या तुकड्याने सुरू होतं आणि काही सेकंदांत त्यावर अलार्मसारखा टोचणारा आवाज आदळतो. मग बेथ येते तेव्हा गिटार अशी बारीक होते की शेजारच्या खोलीत जुना रेडिओ चालू असावा. एका गाण्यात तीन खोल्या बदलतात. मागे लावून ठेवलं तर यातली एकही दिसत नाही.

ट्रिप-हॉप (हिप-हॉपच्या ठेक्यावरचं संथ संगीत) म्हणून हा अल्बम ऐकायला जाऊ नका, हे आणखी एक. हा शब्द बॅरोला कधीच रुचला नाही, आणि त्या नावाखाली ‘निवांत, झोप आणणारं’ अशी अपेक्षा घेऊन आपण बसतो.

तिसऱ्यांदा ऐकणार असाल तर पहिल्यापासून सुरू करू नका. आधी ‘रोड्स’, मग ‘स्ट्रेंजर्स’, दिवे बंद, फोन दूर. तरीही जांभई आली तर ‘डमी’ सोडून द्या आणि सरळ त्यांचा २००८चा ‘थर्ड’ लावा. त्यातलं ‘मशिन गन’ सुरू झाल्यावर झोप येण्याची सोयच नाही.