सुईची भीती वाटते? मग अंग ढिलं सोडू नका

'परवा रक्त तपासायला जायचंय, सुई दिसली की घाम फुटतो, मागे एकदा चक्कर येऊन पडलो होतो, पुरुष असून हे कुणाला सांगायची लाज वाटते,' असं तुम्ही लिहिलंय. त्या लाजेच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो. एरवी मी इथे नुसता वाचून जातो.

मी अमळनेर तालुक्यातला, वय त्रेचाळीस. मोटार बिघडली की दोर धरून विहिरीत उतरणारा माणूस. खळ्यावर विंचू चावला तेव्हा स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेलो, आणि तिथे नर्सबाई इंजेक्शन भरताना बघून पडलो. विंचवाने नाही पडलो, लक्षात घ्या.

पण खरा किस्सा 2011च्या मे महिन्यातला. बहिणीचं पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. रात्री अकराला इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, धुळ्याला हलवा. जीप केली. पाव्हणे, म्हणजे तिचा नवरा, सुरतला नोकरीला, मिळेल त्या गाडीने निघालेले, पण अजून नंदुरबारसुद्धा आलं नव्हतं. पहाटे सांगण्यात आलं की दोन बाटल्या रक्त लागेल, बदल्यात तुमच्यापैकी दोघांनी द्या. सोबत पुरुष दोनच, मी आणि जिभाऊ. जिभाऊ म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा, गावात शब्दाला मान, आवाज त्याहून मोठा.

रक्त घेण्याआधी बोटाला टोचून एक थेंब निळ्या पाण्यात टाकतात. ते मोरचुदाचं पाणी, आपण पिकावर फवारायचं बोर्डो करायला वापरतो तेच मोरचूद. थेंब सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं, नाही गेला तर कमी. माझा थेंब छान गेला. निळ्यात लाल, हळूहळू खाली. ते बघत होतो एवढंच आठवतं.

शुद्धीवर आलो तेव्हा हनुवटी फुटलेली आणि जिभाऊने मला दोन्ही बखोटांना धरून उभा करून ठेवलेला. नाकाशी कांदा. पहाटे चारला रक्तपेढीत कांदा कुणी पैदा केला, ते मला आजतागायत समजलेलं नाही. उभ्याने मी पुन्हा गेलो. तिथल्या बाईंनी ओरडून आडवा निजवला, पाय खुर्चीवर ठेवले, तेव्हा कुठे डोळ्यापुढचं काळं ओसरलं. माझं रक्त घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. दुसरी बाटली शिरपूरकडच्या एका पावरा आदिवासी पोराने दिली. त्याची बायको बहिणीच्या शेजारच्या खाटेवर होती. ना ओळख ना पाळख. त्याला मी चहासुद्धा पाजला नाही, ही रुखरुख वेगळीच.

बहीण सुखरूप, भाची आता शाळेत जाते. पण तेव्हापासून लग्न असो, आखाजी असो की कानबाईचे रोट, चार पाव्हणे जमले की जिभाऊ सुरू होतो: 'बाटली देखीसनच आडवा व्हयना हाऊ!' सगळे हसतात. अहो, बाटली मी पाहिलीच नाही! ती भिंतीपलीकडे होती. मी थेंबाला पडलो. हा फरक मी किमान वीस वेळा समजावला असेल.

आता तुमच्या कामाचं. साध्या भीतीत, म्हणजे साप किंवा उंची वगैरे, छाती धडधडते आणि बीपी वर जातं. वर गेलेल्या बीपीने सहसा माणूस बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत गाडी आधी वर चढते आणि मग एकदम खाली येते. नाडी मंदावते, बीपी पडतं, मेंदूला रक्त कमी पोचतं आणि माणूस कोसळतो. आधी जांभया, थंड घाम, कानात गूं, डोळ्यांपुढे अंधारी. यात हिमतीचा काही संबंध नाही. ही गोष्ट बऱ्याचदा घराण्यातही चालते. देवीची लस टोचणारा गावात आला की आमचे आबा ज्वारीत जाऊन बसायचे, हे मला आईने पदराआड हसत सांगितलं. जिभाऊ म्हणतो, 'आपला घरमा असं काही नही.' काही सांगू नका.

म्हणून 'दीर्घ श्वास घे, अंग ढिलं सोड' हा सल्ला पडणाऱ्या माणसाला उलटा आहे. बीपी आधीच खाली चाललंय, त्यात तुम्ही आणखी ढिले होताय. स्वीडनच्या ओस्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात याच्या उलट रीत बसवली: अंग आवळायचं. मांड्या, पोट, दंड, मुठी, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम लागेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सोडायचं, पण अगदी लुळं नाही, नेहमीइतकंच. असं पाच वेळा. मला ही रीत नाशिकच्या एका डॉक्टरबाईंनी शिकवली. घरी दिवसातून दोन-चारदा करून बघा, परवापर्यंत जमेल. सुई टोचताना तेवढा तो हात सैल ठेवा, बाकीचं अंग आवळा.

आणि आत गेल्या गेल्या सांगा, 'मी पडतो, मला झोपवून घ्या.' इथे लाजायचं नाही. त्यांना रोज अशी माणसं भेटतात. आडवा माणूस पडून पडणार कुठे? बारीक सुई किंवा बटरफ्लाय (पंख असलेली छोटी सुई) आहे का, तेही विचारा. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, 21 पेक्षा 23 बारीक. नळीत दोन-तीन मिली रक्त जातं, तीन नळ्या घेतल्या तरी दोन चमच्यांच्या आत-बाहेर. उपाशीपोटी बोलावलं असेल तर सकाळचा पहिला नंबर लावा आणि साधं पाणी पिऊन जा, ते बहुतेक तपासण्यांना चालतं, फक्त एकदा विचारून घ्या. नुसता सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, किंवा तीन महिन्यांची शुगर असेल तर उपाशी राहायची गरजच नसते. काही लोक उगाच सगळ्यालाच उपाशी जातात, आणि मेमधल्या आपल्या उन्हात तसं जाणं म्हणजे पडायची निम्मी तयारी. टोचणंच सहन होत नसेल तर बधिर करणारं मलम मिळतं, साधारण तासभर आधी लावायचं, डॉक्टरांना विचारून. सोबत माणूस न्या, पण हसणारा नेऊ नका. कोण ते तुम्ही ओळखलंच असेल.

हं, एक राहिलं. तुम्ही पडलेला आहात म्हणून आवळायला सांगितलं. ज्याला नुसती धडधड होते, चक्कर कधीच आली नाही, त्याला तो दीर्घ श्वासच बरा. बीपीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा पोटात बाळ असेल, तर अंग आवळायच्या आधी डॉक्टरांशी बोला. आणि या भीतीपायी तपासण्याच टाळत असाल तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा. हे खरं तर वरच लिहायला हवं होतं, पण जिभाऊ मध्ये आला.

2019च्या डिसेंबरात गावात रक्तदान शिबिर होतं. पंधरा दिवस मांड्या आवळायचा सराव करून मी गेलो, जिभाऊ तिथे स्वयंसेवकाचा बिल्ला लावून उभा असताना. बोटाला टोचलं, थेंब निळ्यात टाकला, डोळे उघडे ठेवून बघितला. थेंब मध्येच अडकला आणि वर आला. मशीनवर घेतलं तर हिमोग्लोबिन 12.1. साडेबारा लागतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून परत पाठवलं. मी स्वतःच्या पायांनी बाहेर आलो, बिस्किटाचा पुडाही घेतला.

जिभाऊ तेव्हापासून सांगतो, याने दुसऱ्यांदाही रक्त दिलं नाही.