सात टोमॅटो, न उगवलेली कोथिंबीर आणि डब्यातल्या अळ्या

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्यात पाचव्या मजल्यावर राहतो. यंदा ठरवलं की शक्य तेवढं घरचं आणि लोकल खायचं. बाल्कनीत बारा कुंड्या आहेत, टोमॅटो लावले तर तीन महिन्यांत सात आले (लेकाने मोजले), कोथिंबीर दोनदा पेरली ती उगवलीच नाही, वर माती-खताचा खर्च. मिस्टर म्हणतात त्यापेक्षा बाजारातून आण. मग सस्टेनेबल खायचं म्हणजे नक्की करायचं तरी काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अगं, सात म्हणजे काही वाईट नाहीत, माझ्याकडे पहिल्या वर्षी चार आले आणि त्यातला एक खारीने नेला. टोमॅटोला रोज सहा तास तरी चांगलं ऊन लागतं आणि आपल्या बाल्कन्यांवर समोरच्या टॉवरची सावली, मग झाड नुसतं उंच वाढतं आणि फळ धरत नाही. तेव्हा फळभाज्यांचा नाद सोड, पाला लाव. माठ, मेथी, पालक. माठ महिन्याभरात खुडायला येतो, मुळासकट उपटू नकोस, वरून खुडलास की परत फुटतो आणि त्याच कुंडीतून दोन-तीनदा भाजी निघते. पुदिन्याचं तर रोपही विकत आणू नकोस, बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या ग्लासभर पाण्यात ठेव, मुळं फुटली की लाव.

कोथिंबिरीला धने अख्खेच पेरलेस ना? एका धन्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका वेगळ्या करायच्या (पूड करायची नाहीये!), रात्रभर भिजवायच्या, मग पेरायच्या. उगवायला आठ-दहा दिवस लागतात आणि आपल्यातले बरेच जण चौथ्या दिवशी माती उकरून बघतात, तिथेच घोळ होतो. आणि एप्रिल-मेमध्ये पेरू नकोस, उन्हाने ती लगेच फुलावर जाते.

आता मिस्टरांचं. अर्धं बरोबर आहे त्यांचं, बारा कुंड्यांवर घर चालत नाही. पण आपण अख्खी जुडी आणतो, चार काड्या वापरतो आणि उरलेली फ्रीजमध्ये काळी पडते. कुंडीतून चारच काड्या तोडता येतात, फायदा आहे तो हा. बाकीचं बाजारातूनच आण, फक्त कुणाकडून आणि कधी ते बघ. पाऊस सुरू झाला की ठाणे स्टेशनच्या आसपास आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, आणि अगदी सुरुवातीला थोडेच दिवस शेवळं. ह्या भाज्यांना ना कुणी पाणी घातलेलं असतं ना युरिया, ह्याहून सस्टेनेबल मला तरी काही माहीत नाही. शेवळं मात्र जपून, आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि आंबट घालूनच शिजवायची, नाहीतर घसा असा खाजतो की विचारू नकोस. विकणारीकडेच काकडं मागून घे, ती छोटी हिरवी आंबट फळं त्याचसाठी असतात. फळांत घोलवडचा चिकू, वसईची केळी आहेतच की.

आणि लांबून आलं म्हणजे वाईटच असंही नसतं हं. आपल्या जेवणाचा पर्यावरणावर जो भार पडतो त्यात ट्रकच्या डिझेलचा वाटा सहसा कमीच असतो, जास्त भार शेतात-गोठ्यात पडतो आणि मग आपण जे फेकतो त्याचा. विमानाने येणारी बेरी-बिरी सोडून दे. त्यामुळे नागपूरची संत्री बिनधास्त खा, वाईट वाटून घ्यायचंच असेल तर फ्रीजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये सडलेल्या काकडीचं वाटून घे.

प्रश्न : मुलगी हेल्दी म्हणून किनोआ मागवते, महाग पडतो. त्याला आपल्याकडचं काही आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे ना, आणि चक्क नात्यातलं. आपला चाकवत आणि किनोआ एकाच कुळातले, एकाच प्रजातीगटातले, जवळचे चुलतभाऊच म्हणा. आपण पाला खातो, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजमधले लोक दाणे. राजगिराही लांबचा भाऊबंद, आणि तो आपण फक्त उपासाला काढतो! किनोआसारखं मोकळं शिजवून सॅलड करायचं असेल तर वरई किंवा राळं घ्या. आणि नाचणी विसरू नका, 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात 120च्या आसपास. मुलीला 'मिलेट बोल' म्हणून वाढा, भाकरी म्हटलं की नाक मुरडेल.

प्रश्न : ओल्या कचऱ्याचं घरीच खत करते, त्या डब्याला वास येतो आणि आत जाड तपकिरी अळ्या झाल्यात. सासूबाई म्हणतात आत्ताच्या आत्ता फेक. फेकू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नको. पावसाळ्यात डब्यात दिसणाऱ्या जाड, चपट्या अळ्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, त्या चावत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात आणि त्यांची माशी घरमाशीसारखी जेवणावर येऊन बसत नाही. वास येतोय तो अळ्यांचा नाही, ओलाव्याचा. कलिंगडाची सालं, उरलेली आमटी असलं काही टाकत असाल तर आधी ते बंद. वाटीभर ओला कचरा टाकला की वर दोन वाट्या सुका पाला, तो नसेल तर नारळाच्या शेंड्या पिंजून किंवा फाडलेला पुठ्ठा घालायचा. दोन-तीन दिवसांनी खालवर करायचं, डब्याला बाजूने भोकं हवीत. आठवड्यात वास जातो. तोवर सासूबाईंसमोर झाकण उघडू नका.